बागेची वही आणि सौद्याची चिठ्ठी

व्यापारी घराण्यात वहीला केवढा मान असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. दिवाळीत लक्ष्मीबरोबर वहीचीही पूजा होते, पहिल्या कोऱ्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते आणि मगच जमा-नावे सुरू होतात. लिहिलेले खोडावयाचे नाही, तोंडी राहिलेले मानावयाचे नाही, या शिस्तीवरच पेढीची पत उभी राहिली आहे. शेतकऱ्याच्या घरी मात्र परवापरवापर्यंत अशी वही नव्हती. कोणत्या दिवशी कोणती फवारणी केली, किती मजूर लावले, किती खत टाकले, हे सारे त्याच्या डोक्यात असे. फार झाले तर कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीची एखादी खूण.

गेल्या वीस-बावीस वर्षांत द्राक्ष बागायतदाराच्या हाती वही आली आहे. ती त्याने मागून घेतली नाही, ती त्याच्यावर येऊन पडली. त्या वहीमागे तपासणी आली, तपासणीमागे दाखला आला आणि दाखल्यामागे दरवर्षीचे नूतनीकरण आले. नाशिक, सांगली, सोलापूर या पट्ट्यात ज्यांची आडत आहे, कृषी सेवा केंद्र आहे, बेदाण्याचा किंवा निर्यातीचा व्यवसाय आहे, त्यांच्या गादीवर बसून शेतकरी जी तक्रार करतो ती हीच असते. बाग सांभाळावी की कागद सांभाळावेत, असा त्याचा प्रश्न आहे. या तक्रारीत आळस किती आणि न्याय किती, हे शांतपणे पाहणे आपल्या हिताचे आहे. कारण त्या कागदांच्या साखळीत एक दुवा आपलाही आहे.

कागद आला कोठून?

महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात जाऊ लागली त्याला आता बराच काळ लोटला. आरंभी मण्याचा आकार, रंग, गोडी आणि पेटीची बांधणी एवढ्यावर सौदा होत असे. २००३ साली नेदरलँडमध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि चित्र पालटले. माल डोळ्यांना उत्तम दिसतो, एवढे पुरेनासे झाले. डोळ्यांना न दिसणारे काय आहे, ते प्रयोगशाळेने सांगावयाचे ठरले. केंद्र शासनाच्या अपेडा या संस्थेने द्राक्षांसाठी उर्वरित अंश तपासणीची योजना आखली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था आली. युरोपातील दुकानात ठेवलेली पेटी कोणत्या गावच्या, कोणत्या शेतकऱ्याच्या, कोणत्या तुकड्यातून आली, हे तिच्या साहाय्याने मागे मागे जात शोधता येऊ लागले. शेतमालाच्या बाबतीत अशी व्यवस्था आपल्या देशात प्रथमच आकाराला येत होती, आणि ती अभिमानाचीच गोष्ट होती.

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २००८ पासून सर्व सदस्य देशांत उर्वरित अंशांच्या एकसारख्या मर्यादा लागू केल्या. ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्यासाठी एका किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा आली. हा आकडा व्यापाऱ्याच्या मापात मांडून पाहावा. एक ग्रॅम औषध शंभर टन द्राक्षांत समप्रमाणात पसरले, तर जे प्रमाण होईल ते हे. सोन्याच्या काट्यावर तोलणाऱ्यालाही ही बारकाई चकित करील. त्यातही युरोपातील काही मोठ्या विक्रीसाखळ्या कायद्याच्या मर्यादेवर थांबत नाहीत. त्या मर्यादेच्या एक तृतीयांशाहून अधिक अंश नको, आणि एकूण चार-पाच औषधांहून अधिकांचे अंश नकोत, अशा आपापल्या अटी घालतात. कायदा सरकारचा असतो, त्याविरुद्ध दाद तरी मागता येते. दुकानदाराच्या अटीविरुद्ध दाद कोणाकडे मागावयाची?

एका घडामागचे कागद

द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. फळ छाटणीनंतरचे चाळीस-पन्नास दिवस बागायतदाराच्या झोपेचे खोबरे करणारे असतात. पाऊस लांबला, सकाळी दव पडले, ढग दाटले की केवडा म्हणजे डाऊनी घडावर उतरतो आणि दोन रात्रींत पीक जाते. अशा वेळी शेतकरी मध्यरात्री दिवे लावून ट्रॅक्टर बागेत घालतो. निर्यातीसाठी बागेची नोंदणी आणि जुन्या नोंदणीचे नूतनीकरण करण्याचे दिवसही नेमके हेच.

नोंदणी शेतकऱ्याची नसते, बागेच्या प्रत्येक तुकड्याची असते. दोन एकरांत दोन वाण असतील तर दोन नोंदी. सातबारा, बागेचा नकाशा, छाटणीची तारीख, अपेक्षित उत्पादन, हे सारे कृषी खात्याकडे द्यावयाचे. खात्याच्या माणसाने बाग पाहून जावयाचे. मग सुरू होते फवारणीची वही. तारीख, औषधाचे नाव, त्यातील मूळ घटक, निर्मात्याचा बॅच क्रमांक, प्रमाण, पाण्याचे माप, कोणत्या रोगासाठी फवारले, कोणी फवारले आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबावे लागेल, हे प्रत्येक वेळी लिहावयाचे. द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामाला शिफारशीच्या औषधांची यादी नव्याने काढते. यादीबाहेरचे औषध वापरले तर बाग बाद.

काढणीच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस नमुना घेऊन जातो. अहवाल येईपर्यंत घड वेलीवरच. अहवाल चांगला आला की निर्यातदाराचे काम सुरू होते. पॅकहाऊसची मान्यता, ॲगमार्कचा दाखला, वनस्पती आरोग्याचा दाखला आणि बंदरावरची कागदपत्रे हे सारे त्याच्याकडे. अहवाल वाईट आला तर ती बाग युरोपच्या वाटेवरून बाजूला होते आणि तोच माल कमी दरात अन्य बाजारात जातो.

याच्या जोडीला ‘ग्लोबलगॅप’ येते. १९९७ साली युरोपातील विक्रेत्यांनी एकत्र येऊन ‘युरेपगॅप’ या नावाने हा खासगी दाखला सुरू केला. २००७ मध्ये त्याचे नाव बदलले. तो सरकारी कायदा नव्हे. पण तो नसेल तर बड्या दुकानांचे दार उघडत नाही, म्हणून व्यवहारात कायद्याहून कडक. औषधे कुलूपबंद ठेवण्याची खोली, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट, माती आणि पाण्याची तपासणी, फवारणी करणाऱ्याचा पोशाख आणि प्रशिक्षण, प्रथमोपचार पेटी, मजुरांसाठी हात धुण्याची व शौचालयाची सोय, अशी लांबलचक यादी तपासली जाते. मुख्य अटी शंभर टक्के आणि दुय्यम अटी ९५ टक्के पूर्ण झाल्या पाहिजेत. लहान शेतकऱ्यांना एकट्याने हा खर्च झेपत नाही म्हणून गट करून दाखला घेण्याची सोय आहे. गटाने आपल्या प्रत्येक सभासदाची अंतर्गत तपासणी करावयाची आणि बाहेरून आलेल्या तपासनिसाने सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा पाहावयाच्या. शंभर शेतकऱ्यांचा गट असेल तर दहा बागा. त्या दहांतील एकाची वही अपुरी निघाली तर प्रश्न शंभरांच्या दाखल्याचा होतो. शेजाऱ्याच्या चुकीचा धाक असा दारात उभा असतो.

तपासणारे अनेक, तपासला जाणारा एक

शेतकऱ्याशी बोलले असता एक गोष्ट ध्यानात येते. तपासणी होऊच नये, असे म्हणणारा बागायतदार विरळा. विषारी अंश नसावेत, मजुराच्या अंगावर औषध उडू नये, हे त्यालाही पटते. त्याचीच मुले त्या बागेत खेळतात. त्याचा त्रागा निराळ्याच गोष्टींचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तीच ती माहिती अनेकांना देणे. सातबाऱ्यावर पीक असते. २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून मोबाईलवर तेच पीक पुन्हा नोंदवावे लागते. बँकेच्या पीककर्जासाठी तेच, विम्यासाठी तेच, ग्रेपनेटसाठी तेच, ग्लोबलगॅपसाठी तेच. २०२५ च्या एप्रिलपासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही अनिवार्य झाला. एका वेलीची मोजणी इतक्या ठिकाणी होते, पण एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी सहसा चालत नाही. आठ-अ वरचे क्षेत्र आणि नकाशावरचे क्षेत्र यांत दोन गुंठ्यांचा फरक पडला की फेरफारासाठी तलाठ्याकडे हेलपाटे सुरू.

दुसरी गोष्ट, त्याच्या हातात नसलेल्या दोषाचे उत्तर त्याला द्यावे लागते. शेजारच्या टोमॅटोवर वाऱ्याच्या दिवशी फवारणी झाली आणि तुषार उडून आले, तरी अहवाल बागेच्या मालकाच्या नावावर येतो. त्याहून दुखरी जागा म्हणजे ‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांची. बाटलीवर वनस्पतीचे चित्र, आत न सांगितलेले रसायन. शेतकऱ्याने वहीत प्रामाणिकपणे बाटलीवरचे नाव लिहिलेले असते. वही खरी, शेतकरी खरा. खोटी असते ती बाटली. दंड मात्र वही लिहिणाऱ्याला होतो.

तिसरी गोष्ट मापाची. दोन-तीन एकरांच्या मालकाला आणि शेकडो एकरांच्या कंपनीला यादी जवळपास एकच. मोठ्याकडे कागद सांभाळायला स्वतंत्र माणूस असतो. लहानाकडे रात्री जेवण झाल्यावर कंदिलाऐवजी मोबाईलच्या उजेडात वही पुरी करणारी सून किंवा बारावीतली मुलगी असते. कित्येक घरांत या वह्या स्त्रियांच्याच अक्षरात आहेत. त्यांच्या कष्टांची नोंद मात्र कोणत्याही रकान्यात नाही.

२०१० चा धडा

कागद पुरे असूनही माणूस कसा बुडतो, याचे उदाहरण २०१० च्या हंगामाने घालून दिले. क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढरोधक, ज्याला शेतकरी सीसीसी म्हणतो, वेलीची पालेदार वाढ रोखून घडनिर्मितीला मदत व्हावी म्हणून सर्रास वापरात होते. ते चोरून वापरले जात नव्हते. आपल्याकडे प्रयोगशाळांनी तपासावयाच्या रसायनांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. युरोपात मात्र द्राक्षांसाठी त्याची मर्यादा होती, किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. तेथे तपासणी झाली, अंश अधिक आढळले आणि इथून सर्व दाखल्यांसह निघालेला माल तेथे अडकला. कोठे तो परत पाठवण्याची, कोठे नष्ट करण्याची, तर कोठे मातीमोल भावाने काढण्याची पाळी आली.

त्या शेतकऱ्यांची वही अपुरी नव्हती. नोंदणी होती, नमुना घेतला गेला होता, अहवालही चांगला होता. ज्या यादीवर विसंबून सारे चालले होते ती यादीच अपुरी होती. निर्यातदारांचे पैसे युरोपात अडकले, म्हणून शेतकऱ्यांचे पैसे गावात अडकले. सोसायटीचे कर्ज, औषध दुकानाची उधारी, मजुरी हे सारे देणे मात्र वेळेवर उभे राहिले. या संकटानंतर यादी सुधारली, तपासणीतील रसायने वाढली, व्यवस्था अधिक काटेकोर झाली. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्रीसारखी शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी त्यानंतरच्याच काळात उभी राहिली आणि वाढली. शेतकऱ्यांनी तपासणी, पॅकिंग व विक्री आपल्याच छताखाली आणण्याचा तो मार्ग होता. म्हणजे धडा घेतला गेला. पण त्या धड्याची फी कोणी भरली, हे विसरता कामा नये.

जो कागद कोणी मागत नाही

आता आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा. वर सांगितलेल्या कागदांची मोजदाद केली तर त्यांत एक कागद आढळत नाही, आणि तो म्हणजे सौद्याचा. औषध कधी फवारले, हे लेखी. मजुराने हात कोठे धुतले, हे लेखी. पण बाग कोणत्या दराने घेतली, वजन कोठे होईल, कट किती धरला जाईल, पैसे कोणत्या तारखेला मिळतील आणि माल परदेशात नाकारला गेला तर तोटा कोणाचा, हे अनेक ठिकाणी आजही तोंडी. फार झाले तर खिशातल्या चिठ्ठीवर दोन आकडे. द्राक्षपट्ट्यात हंगाम संपताना पैसे न देता निघून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या कथा दरवर्षी ऐकू येतात, आणि अशा वेळी पोलीस ठाण्यात शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो पुराव्याचा. ज्याच्याकडे तीन वर्षांच्या फवारणीची नोंद आहे, त्याच्याकडे आपल्या विक्रीचा पुरावा नसतो.

शेतकऱ्याच्या त्राग्याचे मूळ येथे आहे असे वाटते. कागद त्याच्याकडून घेतला जातो, त्याला दिला जात नाही. तो सर्वांना जबाबदार, त्याला कोणी जबाबदार नाही. वहीत जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात, हे व्यापाऱ्याइतके कोणाला ठाऊक आहे? एकाच बाजूची वही ही वही नव्हे.

आणखी एक प्रश्न घराघरांतील गृहिणींनी विचारावा असा आहे. युरोपच्या पेटीमागे इतकी चौकशी असते, मग आपल्या मंडईतून घरी येणाऱ्या घडामागे कोणती वही असते? युरोपची मर्यादा ओलांडलेला माल लगेच अपायकारक ठरतो असे नाही. आपल्या देशाचे अन्नसुरक्षेचे स्वतःचे मानदंड आहेत. पण गावातल्या बाजारासाठी फवारणीची वही कोणी मागत नाही, हेही तितकेच खरे. मागणी झाली, चांगल्या वहीच्या मालाला किलोमागे दोन रुपये अधिक मिळाले, तर वही शेतकऱ्याला ओझे वाटणार नाही.

युरोपातला शेतकरीही रस्त्यावर

या कागदांचे उगमस्थान असलेल्या युरोपात शेतकरी समाधानी आहे, असे मात्र नाही. २०२४ च्या आरंभी फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम अशा अनेक देशांत ट्रॅक्टर रस्त्यावर आले. डिझेलवरील सवलत, स्वस्त आयात अशी कारणे होती, तसेच तपासण्या आणि अर्जांचा जाच हेही एक मोठे कारण होते. त्याच वर्षी युरोपीय संघाने नियम सैल केले. अनुदानाला जोडलेल्या पर्यावरणविषयक अटींच्या तपासणीतून आणि दंडातून १० हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना मुक्त केले. औषधांच्या अंशांचे नियम मात्र तेथेही सर्वांना कायम राहिले, हे लक्षात घ्यावयास हवे.

तरीही त्या निर्णयातील तत्त्व विचार करण्याजोगे आहे. १० हेक्टर म्हणजे सुमारे २५ एकर. युरोपने आपल्या २५ एकरांच्या शेतकऱ्याला लहान मानून काही ओझे उतरवले. आपल्याकडे २५ एकर द्राक्षबाग असलेला माणूस तालुक्यात नावाजलेला असतो. लहानाला लहानाच्या मापाने मोजावे, एवढे तरी आपल्या व्यवस्थेने तेथून घेण्यासारखे आहे. गटाच्या अंतर्गत तपासणीचा खर्च शासनाने उचलणे, शेतकरी ओळख क्रमांकावर एकदा दिलेली माहिती सर्व खात्यांनी आपसांत घेणे, नोंदणीची मुदत फळ छाटणीच्या धामधुमीतून बाहेर काढणे, या गोष्टी अशक्य कोटीतील नव्हेत.

आपल्या हातचे

शासनाने काय करावे, हे सांगणे सोपे. आपल्या पेढीवर उद्या सकाळी काय होऊ शकते, ते अधिक महत्त्वाचे.

ज्यांचे कृषी सेवा केंद्र आहे त्यांनी प्रत्येक विक्रीची पक्की पावती द्यावी, तिच्यावर बॅच क्रमांक आणि मुदत लिहावी. कीटकनाशक कायद्याखालील नियमांनुसार पावती देणे बंधनकारकच आहे. जीएसटी वाचतो म्हणून शेतकरी स्वतःच विनापावतीचा आग्रह धरतो, हे खरे आहे. पण पुढे अहवाल बिघडला तर बाटलीकडे बोट दाखवण्यासाठी त्याच्या हाती त्या पावतीखेरीज काहीही नसते, हे त्याला समजावून सांगणे दुकानदाराचेच काम. ज्या ‘जैविक’ बाटलीतील घटक आपल्याला सांगता येत नाहीत, ती फळीवर ठेवू नये. त्यातील नफा मोठा असतो, म्हणूनच हे लिहावे लागते.

ज्यांची खरेदी किंवा निर्यात आहे त्यांनी सौदा लेखी करावा. एक पान पुरे. दर, वजनाची जागा, कट, पैशांची तारीख आणि माल नाकारला गेल्यास तोटा कसा वाटून घ्यावयाचा, ही पाच वाक्ये मराठीत, दोघांच्या सह्यांनिशी. तपासणीचा अहवाल आला की त्याची प्रत शेतकऱ्याला द्यावी. त्याच्याच मालाचा अहवाल त्याला तोंडी कळावा, हे योग्य नव्हे.

आणि घरातील वाणिज्य शाखेच्या तरुण मुलामुलींनी सुटीतील चार दिवस आपल्या जुन्या शेतकरी घरांना वही लिहिण्याची रीत शिकवण्यासाठी द्यावेत. फवारणीच्या नोंदीशेजारी खर्चाचा एक रकाना वाढवला, तर तीच वही हंगामाच्या शेवटी एकरी खर्च किती आला आणि कोणती फवारणी अनाठायी झाली हे सांगू लागते. परक्या दुकानदारासाठी लिहिलेली वही त्या दिवसापासून त्याची स्वतःची होते.

पिढ्यानपिढ्या शेतकऱ्याने आपल्या वहीवर विश्वास ठेवला. आपल्या खात्यावर काय लिहिले आहे हे न वाचता त्याने अंगठा उमटवला, तो वहीला मान होता म्हणून. आज त्याच्याकडे वही मागितली जात असताना, ती लिहिण्यात त्याला हात देणे आणि आपल्या बाजूचे पान कोरे न ठेवणे, हे त्या विश्वासाचे देणे आहे. आणि देणे वेळेवर फेडावे, हा तर आपल्या धंद्याचा पहिला नियम.